दोन पोरं कमी पडली तेव्हा

आमच्या गावची सरकारी मराठी शाळा दोन खोल्यांची आहे. पहिली ते पाचवी. पुढ्यात व्हरांडा, मागं स्वयंपाकाची खोली, डाव्या अंगाला फणसाचं झाड. गाव कर्नाटकात, बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला टेकलेलं. जूनमध्ये बसलेला पाऊस ऑक्टोबरपर्यंत उठायचं नाव घेत नाही. माझं माहेर हद्दीपलीकडं, चंदगड तालुक्यात. मी तिकडं बारावीपर्यंत मराठीत शिकले, लग्न होऊन इकडं आले आणि घरात शिलाई मशीन मांडली. नवरा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला. मोठी मुलगी याच शाळेत.

२०२३च्या जूनमध्ये पालकसभा झाली आणि एसडीएमसीचं अध्यक्षपद माझ्याकडं आलं. एसडीएमसी म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती. कर्नाटकात ती २००१पासून आहे. पुढं २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं अशी समिती सगळ्या देशात सक्तीची केली. तीत पालकच जास्त असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. आमच्याकडं बायकांची नावं वहीत असायची आणि सह्या घरी येऊन नेल्या जायच्या. त्या दिवशी हेडबाई म्हणाल्या, "वैनी, या वेळी सही घ्यायला मी घरी येणार नाही, तुम्हीच शाळेत यायचं." मी हो म्हटलं.

शाळेला सरकारचा पैसा किती येतो, कुठून येतो आणि कुठं अडतो, यातलं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत जे कळलं ते लिहून ठेवते आहे. आमच्यासारखी वाडीवस्तीवरची शाळा ज्यांच्या गावात आहे, त्यांना ते लागेल.

जुलैत पाऊस धरला आणि दुसऱ्या खोलीचं छप्पर गळायला लागलं. गळतं म्हणजे काय, हे सांगायला हवं. आढ्याखालचा एक वासा वाळवीनं आतून खाल्ला होता. वरून धडका दिसायचा, बोटानं दाबला की भुसा. तो खचला तशी त्या पट्ट्यातली कौलं सरकली आणि पाणी थेट फळ्यावर यायला लागलं. तिसरी, चौथी आणि पाचवीची पोरं एकाच खोलीत बसतात. त्यांना व्हरांड्यात आणलं. व्हरांड्यात वाऱ्याबरोबर पावसाची झड आत येते, म्हणून मी आणि दोन आयांनी खताच्या पोत्यांचा पडदा शिवून बांधला. पोरं त्या पडद्याच्या आड बसून पाढे म्हणायची. माझी मुलगी घरी आली की तिच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली असायची. मी ती चुलीवरच्या उबेला धरून एकेक सोडवायची.

ठराव केला. ठराव वहीत मराठीत लिहिला, सह्या घेतल्या, फोटो काढले. फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण उमटायला हवं, तसं ॲप घ्या, असं सीआरपी साहेबांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांनी, सांगितलं. ते घेतलं. अर्ज घेऊन हेडबाई आणि मी तालुक्याच्या शिक्षण कचेरीत गेलो. टेबलामागच्या माणसानं कागद चाळले आणि म्हणाला, "कन्नडदल्लि कोड्री." कन्नडमध्ये द्या. तो उद्धट नव्हता. पुढच्या प्रत्येक टेबलावरचं टिपण कन्नडमध्ये असतं आणि मराठी कागद वरच्या टेबलाला अडतो, असं त्यानं मला नीट समजावलं. मग हेडबाईंनी तिथंच बाकावर बसून अर्ज कन्नडमध्ये लिहिला. मी शेजारी बसून बघत राहिले. ज्या अर्जाखाली माझी सही होती, त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं.

त्या रात्री मी मुलीचं कन्नडचं पुस्तक काढलं. तिसरीच्या पोरीनं मला अ, आ, इ गिरवून दिलं. महिना-दीड महिना रोज भांडी झाली की अर्धा तास. आधी अक्षरं कळली, मग शब्द, आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. कचेरीच्या कागदावरचा जो पहिला शब्द मला पुरता वाचता आला तो होता 'अनुदान'. कन्नडमध्येही अनुदानच. दुरुस्तीला 'दुरस्ति'. मंजूरला 'मंजूरु'. खोलीला 'कोठडि'. ज्या चार शब्दांसाठी मी हेलपाटे घालत होते, ते चारही दोन्ही भाषांत जवळजवळ सारखे. तेव्हापासून मी सहीआधी कागद वाचते. अडलं तर विचारते. पण आमच्या समितीतल्या बाकीच्या आयांना हे कुणी शिकवायचं? घटनेच्या ३५०-अ कलमात लिहिलंय की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यानं करावी. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, ते कलम घातलं गेलं. पोरांना मराठी पुस्तक मिळतं, तेही फुकट, याबद्दल माझी तक्रार नाही. पण पोरांच्या शाळेचा हिशेब आयांना वाचता येईल अशा भाषेत भिंतीवर लागावा, ही सोयही मी त्यातलीच धरते.

अर्जाचं काय झालं? काही आठवड्यांनी उत्तर आलं: दुरुस्तीसाठी या वर्षी तरतूद नाही, शाळेच्या अनुदानातून किरकोळ दुरुस्ती करून घ्यावी.

शाळेचं अनुदान म्हणजे किती, हे बघायला मी हेडबाईंकडं कॅशबुक मागितलं. कपाटात जुनीही होती. सर्व शिक्षा अभियानाच्या काळातली पानं पिवळी पडलेली, पण अक्षर सुंदर. शाळा अनुदान ५,०००. देखभालीसाठी वेगळी रक्कम. शिक्षकाला साहित्यासाठी ५००. त्या वेळचे गुरुजी आता निवृत्त होऊन गावातच असतात. त्यांना वही दाखवली तर ते कितीतरी वेळ पानं उलटत राहिले. मग त्यांनी मला अंगणात बसवून सगळं सांगितलं.

२०१८पासून सर्व शिक्षा आणि माध्यमिकचं अभियान एकत्र करून समग्र शिक्षा योजना झाली. तिच्यात केंद्राचे शंभरातले ६० रुपये, राज्याचे ४०. निरनिराळ्या छोट्या अनुदानांऐवजी शाळेला एकच संयुक्त अनुदान आलं आणि ते पटावर बांधलं गेलं. आता ३० पर्यंत पोरं असतील तर वर्षाला १०,०००. ३१ ते १०० असतील तर २५,०००. शंभरावर ५०,०००, अडीचशेवर ७५,००० आणि हजारावर एक लाख. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा.

"मग आपलं?" मी विचारलं.

"गेल्या सप्टेंबरात पट ३२ होता, म्हणून यंदा पंचवीस आलेत," गुरुजी म्हणाले. "पण ३० सप्टेंबरला जी मोजणी होते तिच्यावर पुढचं साल ठरतंय. जपा."

आम्ही जपलं नाही. म्हणजे जपणार कसं? ३० सप्टेंबर २०२३ला यू-डायसमध्ये, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी नोंदीत, आमची संख्या भरली गेली ती २९. चार पोरं पाचवी पास होऊन शेजारगावच्या शाळेत गेलेली, पहिलीत तीन आलेली. दोन गळाली. त्यातला एक घर सोडून गोव्याला गेलेल्या कुटुंबातला. दुसरा माझ्या धाकट्या जावेचा मुलगा.

जावेनं त्याला बेळगावच्या इंग्रजी शाळेत घातलं. सकाळी पावणेसातला पिवळी व्हॅन येते. फी, व्हॅन, गणवेश मिळून वर्षाला तीस हजारांवर जातात. मी तिला रागानं बोलले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. ती म्हणाली, "वैनी, माझा पोरगा पावसात पोत्याआड बसून शिकणार काय?" तिच्याशी वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. छप्पर गळलं म्हणून पोर गेलं, आणि पोर गेलं म्हणून छपराचे पैसे गेले. एका पोरासाठी एका घरानं वर्षाला तीस हजार काढले आणि उरलेल्या २९ पोरांच्या शाळेला वर्षभराच्या खर्चाला १०,००० आले. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला नीट कळलं की काय चाललंय.

सरकार खर्चच करत नाही असं मी म्हणणार नाही. हेडबाईंचा पगार आहे. दुसऱ्या खोलीवर अतिथी शिक्षिका आहे, तिला तेव्हा महिना दहा हजार मानधन होतं. अक्षर दासोह योजनेचं दुपारचं जेवण आहे, दूध आहे, अंडी आहेत, पुस्तकं-गणवेश आहेत. २०२३च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी शाळांचं वीजबिल राज्यानं माफ केलं, ती आमच्यासारख्या शाळेला खरी मदत झाली. नाहीतर त्या दहा हजारांतला लचका त्यातच जायचा. पण हे सगळं माणसावर आणि डोक्यावर आहे. पगार माणसाला, तांदूळ डोक्यामागं. इमारतीकडं बघणारं कुणी नाही. पोरं ३२ असोत की २९, वासे तेवढेच, कौलं तेवढीच, पाऊस तेवढाच. उलट जिथं पट कमी, त्या वाड्या घाटाकडच्या, आणि तिथंच पाऊस जास्त. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: पोरांसाठीचा पैसा डोकी मोजून द्या, पण छपराचा पैसा छप्पर मोजून द्या.

डोकी मोजण्यातही एक गोष्ट राहून जाते. आमच्या शिवारात वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर भट्टीवर बाहेरची कुटुंबं येतात, मे महिन्यात परत जातात. त्यांची चार-पाच पोरं जानेवारीत आमच्या शाळेत बसतात, जेवतात, वाचायला शिकतात. हेडबाई कुणाला परत पाठवत नाहीत. पण ३० सप्टेंबरला ती पोरं इथं नसतात. म्हणजे ज्या वर्षी अनुदानाला आमचा पट २९, त्याच वर्षी जानेवारीत वर्गात ३४ पोरं बसलेली मी स्वतः मोजली आहेत.

पटाचा धाक मराठी शाळेला दुहेरी आहे. १९४९ साली राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की शाळेत ४० किंवा वर्गात १० पोरं त्या मातृभाषेची असतील तर त्या भाषेचा किमान एक शिक्षक द्यावा. तोच दंडक पुढं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात धरला गेला. गुरुजी तो आकडा मला सारखा ऐकवायचे. इथं दोन पोरं गेली की नुसतं अनुदान उतरत नाही, मराठी शिक्षकाच्या खुर्चीलाही हादरा बसतो अशी सगळ्यांना भीती असते. म्हणून आमच्या भागात मराठी शाळेचा पट हा शिक्षकांपुरता विषय राहत नाही. बाजारात, लग्नात, देवळात, कुठंही भेटा, "यंदा पहिलीत किती?" हा प्रश्न येतोच.

२०२४-२५चे ते १०,००० आम्ही कसे खर्च केले, तेही सांगते. पैसा हातात येत नाही. २०२१पासून पद्धत बदलली. शाळेच्या खात्यात रक्कम पडून राहत नाही, खातं शून्य शिलकीचं. वरच्या खात्यातून आपल्याला अमुक रकमेपर्यंत खर्च करायची मर्यादा दिलेली असते. सामान आधी घ्यायचं, दुकानदाराचं जीएसटीचं बिल घ्यायचं, संगणकावर एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं ती मंजूर करायची, मग पेमेंटचा कागद छापून निघतो. त्यावर हेडबाईंची आणि माझी सही, आणि तो ठरल्या दिवसांत बँकेत पोहोचवायचा. ३१ मार्चला जी मर्यादा वापरली नसेल ती संपली. आणि पुरी मर्यादा येते तीच बहुतेक वर्ष अर्ध्यावर गेल्यावर. आमच्या गावात जीएसटीचं बिल देणारं दुकान नाही. खडूसाठी सुद्धा तालुक्याला जायचं. पहिल्या खेपेला दुकानदाराच्या खात्याचा एक अंक चुकला, कागद परत. दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. तिसऱ्या खेपेला झालं. हेडबाईंचे तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवशी पाचही इयत्ता एकट्या अतिथी शिक्षिकेनं सांभाळल्या.

त्या पैशांत फिनेल, झाडू, टाकी धुणं, रजिस्टर, खडू, एक फळा रंगवणं, आणि उरलेल्या साडेतीन हजारांत छपरावर घालायला निळी ताडपत्री. तोवर छपरासाठी सरकारी पैशातून जे काही झालं ते हे.

ती ताडपत्री २०२४च्या जुलैत फाटली. त्या महिन्याच्या शेवटी असा पाऊस झाला की तालुक्यातालुक्यात शाळांना सुट्टी द्यावी लागली. सुट्टीच्याच एका रात्री दुसऱ्या खोलीचं छप्पर बसलं. सकाळी फणसाखाली सगळं गाव जमलं होतं. आढं मधोमध मोडून एक टोक फळ्यावर टेकलेलं, खाली कौलांचा ढीग, ढिगाखाली पोरांचे बसायचे पाट. कुणी बोलत नव्हतं. माझी मुलगी आत वाकून आपला पाट शोधत होती, तिला मी हाताला धरून ओढून बाहेर काढली. मग मात्र माझे पाय लटपटायला लागले.

आता गोष्टी भराभर हलल्या. तलाठी आले, पंचनामा झाला, पंचायत राज इंजिनिअरिंगचे जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, आले, फोटो गेले. पाऊस-पाण्याच्या नुकसानीत नोंद झाली आणि नोव्हेंबरात आपत्ती निधीतून दोन लाख मंजूर झाल्याचा कागद आला. वर्षभर जी दुरुस्ती वीस-पंचवीस हजारांत झाली असती, एक आढं, आठ-दहा वासे, थोड्या रिपा, ती न केल्यामुळं आता दोन लाख लागत होते. हे मी जेई साहेबांना म्हणाले. ते म्हणाले, "अक्का, पडल्यावर पैसा आहे, पडण्याआधी नाही." ते गंभीरपणे बोलले. त्यांच्याकडं अशा कितीतरी शाळांच्या फायली होत्या.

त्यांच्या एस्टिमेटमध्ये कौलं नव्हती, पत्रे होते. रंगीत पत्रे, लोखंडी कैच्यांवर. स्वस्त, लवकर होणारं, दरपत्रकात बसणारं. इथं समिती अडून बसली. घाटाकडच्या पावसात पत्र्याखाली जो कधी बसला आहे त्याला सांगायला नको. मुसळधार लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. चार महिने शिकवायचं कसं? आणि उन्हाळ्यात तोच पत्रा तापतो. आम्ही पुन्हा ठराव केला, या वेळी मी स्वतः कन्नडमध्ये लिहिला, हेडबाईंनी तीन चुका सुधारल्या. ढिगातली धड कौलं गावानं वेचून, धुऊन, फणसाखाली रचून ठेवली होती. ती मोजून आकडा ठरावात घातला: १,३४०. जेई साहेबांनी पुन्हा येऊन रचलेली कौलं बघितली, दोन-चार उचलून बोटानं ठोकली, आवाज ऐकला. मग एस्टिमेट बदलून दिलं: जुनी कौलं वापरायची, कमी पडतील ती नवी, वासे नवे.

नवीन खोली का नाही, असं काही जणांनी विचारलं. तेही आम्ही बघितलं होतं. नव्या बांधकामाला जागा शाळेच्या नावावर लागते. आमच्या शाळेची सहा गुंठे जागा गावातल्या एका शेतकऱ्यानं पन्नासेक वर्षांमागं तोंडी दिली. उतारा अजून त्यांच्याच नावावर. ते वारले, आता सात वारस. सातहीजण म्हणतात जागा शाळेचीच आहे, कुणाची हरकत नाही. पण दानपत्राला सातहीजणांची सही हवी, आणि त्यातला एक चाकणला, एक गोव्यात, एक आजारी. ते काम अजून चालू आहे. तुमच्या शाळेचा उतारा कुणाच्या नावावर आहे, एवढं मात्र आजच बघून ठेवा.

कामाला मुहूर्त लागला २०२५च्या फेब्रुवारीच्या शेवटी. कौलं कमी पडत होती साडेसहाशे. ती खानापूरहून आणली. खानापूरची माती कौला-विटांना नावाजलेली, तिथं कुंभारकाम शिकवणारी संस्थाही आहे. कौलांचा ट्रॅक्टर आला त्या दिवशी बायकांनी रांग लावली. ट्रॅक्टरपासून भिंतीपर्यंत हातोहात. कौल हातात घ्यायचं म्हणजे दोन्ही कडांना धरायचं, अंगठे वर, नाहीतर कान मोडतो. सासूबाईंनी सगळ्यांना दाखवलं. त्यांचे हात थरथरतात, पण साडेसहाशे कौलांत त्यांच्या हातून एकही फुटलं नाही. नुसत्या मजुरीत पैसे पुरले नसते. गावानं अंगमेहनत केली म्हणून पुरले. मला त्याचं कौतुक वाटतं आणि खंतही वाटते. बेळगाव शहरातल्या माणसाला आपल्या पोराच्या वर्गाची कौलं वाहावी लागत नाहीत.

७ मार्चला मी पेमेंटच्या कागदासाठी बँकेत बसले होते. त्या वर्षीची मर्यादा ३१च्या आत संपवायची होती. भिंतीवरच्या टीव्हीवर बेंगळुरूमधून बजेट चालू होतं. ४,०९,५४९ कोटींचं बजेट, त्यात शिक्षणाला ४५,२८६ कोटी. मी पावतीच्या पाठीवर भागाकार केला, शंभरातले साधारण अकरा रुपये येतात. शिक्षणाला सगळ्यांत मोठा वाटा दिल्याचं बोललं जात होतं आणि आकडा खरंच मोठा होता. मी माझ्या मांडीवरच्या कागदाकडं बघितलं, त्यावर २,१८० रुपये होते. ४५,२८६ कोटींमधून निघालेला पैसा माझ्या सहीपाशी येईपर्यंत किती वळणं घेतो, हे तोवर मला पाठ झालं होतं. बहुतेक पगारात जातो, आणि जायलाच हवा, शिक्षकाशिवाय शाळा नाही. पण उरलेल्यातला थेंब आमच्यापर्यंत येतो तोही पट विचारून.

संध्याकाळी गुरुजींना आकडा सांगितला. ते म्हणाले, १९६६ साली कोठारी आयोगानं सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावा. १९६८च्या धोरणात ते मान्य झालं, २०२०च्या धोरणात पुन्हा तोच सहाचा आकडा लिहिला. मध्ये २००४ साली प्राथमिक शिक्षणासाठी म्हणून दोन टक्के उपकरही बसवला, तो वाढत वाढत आज आरोग्याबरोबर मिळून चार टक्के झालाय. "मी नोकरीला लागलो तेव्हा सहा टक्के ऐकलं होतं," गुरुजी म्हणाले, "निवृत्त झालो तरी ते यायचेच होते." एवढं बोलून ते उठले आणि कंदील घेऊन शाळेकडं गेले, सुतारानं वासे सरळ बसवलेत का ते बघायला.

काम मार्चअखेर पुरं झालं. आढ्यावरची शेवटची कौलं चुन्यात बसवली तेव्हा पोरं खाली उभी राहून मोजत होती. २९ मेला शाळा सुरू झाली. पहिला मोठा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मी छत्री घेऊन गेले आणि दुसऱ्या खोलीच्या दारात उभी राहिले. आत कोरडं होतं. कौलांवर पाऊस वाजत होता आणि त्याच्यावरून पाचवीतल्या एका मुलीचा धडा वाचण्याचा आवाज मला दारापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.

जावेचा मुलगा इंग्रजी शाळेतच आहे. धाकटी मात्र तिनं यंदा आमच्या पहिलीत घातली. मी काही बोलले नव्हते. तीच छप्पर बघून आली आणि नाव घातलं.

३० सप्टेंबर २०२५ला मी हेडबाईंच्या शेजारी बसून पट मोजला. तीस. एक कमी. पुन्हा १०,०००.

त्याच आठवड्यात मी अर्ज लिहिला. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला कन्नड, दोन्ही माझ्याच हातचं. मागण्या दोन. छोट्या शाळांच्या इमारतीच्या देखभालीला पटाशी न जोडलेली वेगळी रक्कम द्यावी, खोल्या आणि पाऊस बघून. आणि भट्टीवरच्या पोरांची जानेवारीत दुसरी मोजणी व्हावी. आजूबाजूच्या सहा गावांच्या समित्यांनी त्यावर सह्या केल्या. टेबलामागचा माणूस तोच होता. त्यानं दोन्ही बाजू वाचल्या, दोन वर्षांमागं मराठी कागद परत केला होता तो त्यालाही आठवला असावा. शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाला, "मुंदिन वार बर्री." पुढच्या आठवड्यात या.

मी गेले होते. पुन्हा जाणार आहे सोमवारी.